गिऱ्हाईकाला रामराम करताना

जुन्नर-आंबेगावच्या कारागिरांशी आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींशी आज एका अवघड गोष्टीबद्दल बोलायचं आहे. त्रास देणारं गिऱ्हाईक सोडावं कसं?

समजा, नारायणगावात तुमचं वेल्डिंगचं दुकान आहे. एक बागायतदार ट्रॉली दुरुस्तीला आणतो. काम झालं की ‘एवढं अजून कर’ म्हणतो, हाताखालच्या पोरावर खेकसतो. पैशाचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘टोमॅटोची पट्टी आली की देतो.’ पट्टी येते, पैसे येत नाहीत. तरी तुम्ही गप्प! का? तर गाव एक, जत्रा एक. उद्या लग्नकार्यात शेजारी बसायचं.

ही भीड जुनी आहे. बलुत्याच्या काळी सुतार-लोहारांना कुणब्याचं घर सोडणं सोपं नव्हतं. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर पदरात पडेल ते धान्य घ्यायचं. बलुतं गेलं, रोखीचा धंदा आला. भीड मात्र राहिली.

आंबेगावला लागूनच शिरूर तालुका आहे. तिथल्या करडे गावानं १८७४ च्या डिसेंबरात सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेतं कुणी कसेना, न्हावी हजामत करीना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा पेटला आणि कर्जाची खतं जाळली गेली. लोकांचा जाच खरा होता. पण आपला मार्ग वेगळा आहे. आपण वही जाळायची नाही, उघडून समोर ठेवायची.

पहिली गोष्ट, हातातलं काम पुरं करा. ठरलेलं काम अर्धवट टाकलं, तर उलट तुमच्यावरच भरपाईची पाळी येते. नवं काम तेवढं घेऊ नका.

दुसरी, हिशेब तारखेनिशी लिहा आणि त्याची सही घ्या. उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो.

तिसरी, १८७२ च्या करार कायद्यानं दुरुस्तीला आलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येते. मात्र उधारी आधी कबूल केली असेल, तर नाही. कायद्यात शिंप्याचाच दाखला आहे: तीन महिन्यांची उधारी कबूल करणाऱ्या शिंप्याला कोट अडवून धरता येत नाही. म्हणून ‘देईन मग’ याला ‘बरं’ म्हणण्याआधी विचार करा.

चौथी, माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती फुकट होते. २००६ च्या कायद्यानं अशा लहान उद्योगाचे पैसे १५ दिवसांत, आणि लेखी करार असला तर फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट व्याज.

एवढं झालं की त्याला एकट्याला गाठा. चारचौघांत नको, सुगीच्या तोंडावर तर नकोच. त्याचीही अडचण बघावी. म्हणा, ‘दादा, यापुढं तुमचं काम मला जमायचं नाही. हा हिशेब. मंचरला दुसरा कारागीर बघा.’ जुनी उणीदुणी काढू नका. रामराम करायचा तो कामाला, माणसाला नव्हे. मग जत्रेत भेटलात तरी मान खाली घालावी लागणार नाही.

आणि गुरुजी, गणिताच्या एखाद्या तासाला मुलांना बापाच्या दुकानाची उधारीची वही मांडायला शिकवा. ज्याची वही नीट, त्याला ‘नाही’ म्हणायला बळ येतं.

बरंय तर, रामराम!