कात्री कोठे लावावी?
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी काटकसरीसारखा रुक्ष विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु परप्रांतात पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेने ओढगस्तीचे दिवस पाहिलेलेच असतात, आणि त्या दिवसांत तिने काय राखले व काय सोडले यावरच तिचे पुढील आयुष्य ठरत असते.

आम्ही केंद्र सरकारचे नोकर. मंदीचा निकटचा अनुभव आम्हांस 2020 साली आला. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पादन, पहिल्या अंदाजानुसार, आदल्या वर्षीच्या तुलनेने 23.9 टक्क्यांनी घटले. सरकारने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. 17 टक्क्यांवर थांबलेला भत्ता 1 जुलै 2021 पासून 28 टक्के झाला. मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मात्र मिळाली नाही. खासदारांचे वेतनही वर्षभर 30 टक्क्यांनी कमी केले गेले. याच काळात, मे 2020 मध्ये, ग्रामीण रोजगार हमीच्या 61,500 कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी 40,000 कोटींची भर घातली गेली. आमच्यांतील पुष्कळजण नाराज झाले, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची नाराजी तर निराधार नव्हती. तथापि ज्याचे वेतन दरमहा बँकेत जमा होत होते तो, आणि ज्याची रोजी एका रात्रीत बुडाली तो, या दोघांत आधी कोणास सावरावे, याचे उत्तर उघड आहे.

ही दृष्टी मराठी माणसास नवी नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हात आखडता न घेता कामे काढली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस 1977 साली कायद्याचे रूप मिळाले, आणि 2005 चा केंद्रीय कायदा तिच्याच वाटेने आला. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. सर्वांनीच एकदम मुठी आवळल्या तर मंदी अधिक गडद होते, हे केन्स यांनी 1936 साली मांडलेले तत्त्व आमच्या दुष्काळी कामांनी मातीत उतरविले होते.

मग घरात कात्री कोठे लावावी? आम्हांस तीन कसोट्या उपयोगी वाटतात. पहिली, जो खर्च पुढे ढकलता येतो तो आधी थांबवावा. नवी मोटार दोन वर्षांनी घेता येईल. मुलीचे शिक्षणाचे वर्ष परत येणार नाही. दुसरी, मोठा खर्च टाळणारा लहान खर्च तोडू नये. विम्याचा हप्ता आणि गळक्या छपराची डागडुजी ही येथली उदाहरणे. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. आपण वाचविलेला रुपया कोणाच्या ताटातून जातो, हे पाहावे. पुष्कळ घरांत पहिली काटछाट मोलकरणीच्या पगारात होते, कारण ती भांडू शकत नाही. घरातले हॉटेलचे जेवण मात्र चालूच राहते.

कचेऱ्यांतही असेच घडते. वेतन आणि व्याज यांना हात लावता येत नाही. मग दुरुस्ती, पुस्तके आणि प्रशिक्षण यांवर कुऱ्हाड पडते. ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही तो खर्च आधी जातो. सर्वसाधारण वित्तीय नियम सांगतात की, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या पैशाविषयी जी दक्षता बाळगतो तीच अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाविषयी बाळगावी. आम्ही तर म्हणू की हा नियम मंडळांनाही लागू आहे. वर्गणीचा पैसा सार्वजनिकच असतो.

म्हणून आमची नम्र विनंती आहे. कार्यकारिणीने येत्या अंदाजपत्रकातच ठरवून ठेवावे की, कठीण वर्ष आले तर आधी गणेशोत्सवातील रोषणाई कमी होईल, मग स्नेहभोजनातील पक्वान्ने, मग स्मरणिकेची पाने. वाचनालय आणि मुलांचा मराठी वर्ग यांना मात्र हात लागणार नाही. रोषणाई पुढल्या वर्षी पुन्हा करता येते. परभाषिक प्रांतात मराठी वाचावयास न शिकलेले मूल दहा वर्षांनी या सभागृहात येत नाही. संकटात घाईने घेतलेल्या निर्णयात मोठा आवाज जिंकतो. हा क्रम शांतपणी ठरविला तर त्या वर्गातील मुलांचीही बाजू मांडली जाईल.