घरात कापूस, अंगणात भट्टी



मागच्या वर्षी मी घराच्या अंगणात लोहाराची लहानशी भट्टी मांडली. मित्र म्हणाले, 'कवितेवर भागत नाही वाटतं!' कारण साधं होतं. आमच्या गावच्या लोहारकाकांची पडवी पावसात खचली, भट्टीही गेली. मुलगा शहरात वेल्डिंगच्या दुकानात. काकांनी ऐरण भंगारात द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, 'काका, ऐरण माझ्याकडे ठेवा, अन् मला भट्टी शिकवा.' ते हसले, 'भाई, ऐरणीले जागा लागते. भट्टीले सबूर लागते.'

पहिली भट्टी मी शेतातल्या काळ्या मातीची केली. आपली कपाशीची माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. आठवड्यात भट्टीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मग काकांनी गावठाणातली पांढरी माती आणवली. तीत भुसा आणि चाळलेली राख कालवून चार दिवस मुरवली. वीतभर खोल खड्डा, घमेल्याएवढं तोंड, बाजूनं हवेची नळी. नळी साध्या लोखंडाची घ्यायची, जस्ताचा मुलामा असलेली नको. तापलेल्या जस्ताचा धूर छातीला बाधतो. चामड्याच्या भात्याऐवजी हातानं फिरवायचा पंखा बसवला. कोळसा बाभळीचा. भट्टी सावलीत पुरती सुकवली, मग मंद आगीवर भाजली. ओल राहिली तर वाफेनं माती तडकते.

ही विद्या आपल्या विदर्भाला नवी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झालं. तिथं लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली, इसवी सनापूर्वी सुमारे सातव्या शतकातली. तिलाही हवा फुंकायला मातीच्या नळ्या होत्या. त्या भट्टीत दगडातून लोखंड निघे. माझ्या भट्टीत फक्त ते तापतं. पण माती, कोळसा आणि वारा ही सामग्री तीच.

भट्टी तयार झाली आणि घरात वाद उभा राहिला. भाव पडलेला, म्हणून कापूस विकला नव्हता. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: कापूस खोलीत, माणसं ओसरीत. पत्नी दारात उभी राहून म्हणाली, 'अहो, वर्षाची कमाई आत आहे. ठिणगीला घरचं-परकं कळतं का?' मी अंगणात पाणी मारू, पत्रा आडवा लावू, असं सांगत राहिलो. ती काही बोलली नाही. रात्री खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून निजली. सकाळी मी भट्टी फोडली.

मला वाटलं, काका चिडतील. ते म्हणाले, 'आता तुमी शिकले. लोहार आंधी वारा पायते, मंग लोखंड.' तीच माती पुन्हा भिजवून आम्ही विहिरीपलीकडे, मोकळ्या जागी भट्टी मांडली. पऱ्हाटीचा ढीग दूर हलवला. पाण्याची बादली हाताशी ठेवली.

तिथं मी पहिला विळा केला, जुन्या कमानपट्टीचा. लाल झाला की ठोकायचा, काळवंडला की पुन्हा आगीत. थंड लोखंडावर घाव घातला तर ते चिरतं. फार तापवलं तर ठिणग्या उडून जळतं. शेवटी लालबुंद करून पाण्यात बुडवला. फार कडक झाला! हातातून दगडावर पडला आणि दोन तुकडे झाले. काका म्हणाले, 'पाणी पाजलं, पण राग उतरवला नाही.' विझवल्यावर लोखंड घासून उजळायचं, हलकेच पुन्हा तापवायचं आणि पात्यावर गव्हाळ रंग आला की थांबायचं. थोडी कडकी जाते, म्हणून ते तुटत नाही.

दुसरा विळा टिकला. मृगाच्या तोंडाशी शेजारचा शेतकरी वखराची पास घेऊन आला. काकांनी सांडशी हातात घेतली, मी पंखा फिरवला. पास घेऊन तो गेल्यावर काकांनी ऐरणीवरून हात फिरवला आणि विचारलं, 'भाई, उद्या किती वाजता पेटवाची?'

ऐरण भंगारात गेली नाही. कापूसही पुढे विकला गेला, भाव मात्र बेताचाच मिळाला. भट्टी अजून विहिरीपलीकडेच आहे.