कोलफॅक्सच्या माणसांची नावं

आपल्या वाचनगटाच्या कार्यक्रमात आज आम्ही तुम्हाला बऱ्याच लांबच्या एका गावाबद्दल सांगणार आहोत. गाव अमेरिकेतलं, लुइझियाना राज्यातलं. नाव कोलफॅक्स. काळ दीडशे वर्षांपूर्वीचा. एवढ्या लांबचं कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण नदीकाठची जमीन, कापसाचं पीक, मोठे मळेवाले, त्यांच्या शेतात राबणारी माणसं आणि निवडणुकीवरून पडलेली फूट, यातलं आपल्याला काय नवीन आहे?

आधी थोडं मागचं सांगतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना आणि त्यांच्या लेकरांना गुलाम म्हणून ठेवत. त्यांची खरेदी-विक्री होई. आईपासून मूल तोडून विकत. यावरून १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं त्या देशात यादवी युद्ध झालं. त्या युद्धात तिकडचा कापूस अडकला, म्हणून मुंबईच्या बाजारात आपल्याकडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि युद्ध संपताच कोसळला.

युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं संपली. कृष्णवर्णीयांना नागरिक मानलं गेलं. १८७० पासून त्यांच्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. बाया मग त्या गोऱ्या असोत की काळ्या, त्यांना अजून मत नव्हतं.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते अर्पण केलं. ज्या कामाचा जोतीरावांनी असा गौरव केला, ते काम त्याच वर्षी कोलफॅक्समध्ये रक्तात बुडवलं जात होतं.

लुइझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. कोलफॅक्स हे ग्रँट पॅरिशचं मुख्य ठिकाण, रेड रिव्हर नदीच्या काठावर. १८७२ ची राज्याची निवडणूक झाली आणि दोन्ही पक्ष म्हणू लागले, आम्हीच जिंकलो. गव्हर्नर दोन, तसे गावात अधिकारीही दोन-दोन. कृष्णवर्णीयांनी ज्यांना मतं दिली होती, त्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी मार्च १८७३ च्या शेवटी कोर्टाच्या इमारतीचा ताबा घेतला. इमारत कसली, एका मळेवाल्याचा जुना तबेलाच होता तो.

मग आसपासच्या भागातून गोरे घोडेस्वार जमू लागले. ५ एप्रिलला जेसी मॅकिनी नावाचा एक कृष्णवर्णीय शेतकरी आपल्या घराच्या कुंपणाचं काम करत होता. टोळी आली आणि घरच्यांच्या देखत त्याला गोळी घातली. त्याच्या हातात बंदूक नव्हती, त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. ही बातमी वस्त्या-वस्त्यांवर गेली, तशी माणसं बायकापोरांना घेऊन कोर्टाकडे धावली. एकटं घरात राहण्यापेक्षा चार माणसांत बरं, असं त्यांना वाटलं असणार. इमारतीभोवती त्यांनी खंदक खणले.

१३ एप्रिलला रविवार होता, ईस्टरचा सण. ख्रिस्ती लोकांचा हा मोठा सण. त्या दिवशी दीडशेच्या आसपास गोरे बंदुका आणि एक लहान तोफ घेऊन आले. कोलंबस नॅश हा त्यांचा म्होरक्या. बायकापोरांना बाहेर काढायला त्यानं अर्धा तास दिला.

मैत्रिणींनो, वाचताना आम्ही या अर्ध्या तासापाशी थांबलो. अर्ध्या तासात बाईनं काय करायचं? लेकरं गोळा करायची, म्हातारीला उठवायचं, आणि नवऱ्याला, भावाला, लेकाला मागे ठेवून निघायचं. त्यांतल्या कितीतरी जणींना आपलं माणूस पुन्हा जिवंत दिसलं नाही.

लढाई काही तास चालली. तोफेपुढे खंदक टिकले नाहीत. माणसं इमारतीत शिरली, तेव्हा इमारतीला आग लावली. आतल्यांनी पांढरं निशाण दाखवलं. तरी बाहेर येणाऱ्यांना मारलं. जे पकडले गेले, त्यांना रात्री बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. मंगळवारी न्यू ऑर्लिन्सहून सरकारी अधिकारी पोचले, तोवर प्रेतं उघड्यावर पडून होती. कित्येकांना मागून, डोक्यात गोळी लागलेली होती. लढताना मरणाऱ्याला अशी गोळी लागत नाही.

तीन गोरे मेले. कृष्णवर्णीय किती मेले, याचा आकडा आजही एक नाही. काही नोंदींत तो साठीच्या घरात आहे, काहींत दीडशेपर्यंत जातो. तिघांचा हिशोब पक्का लागतो आणि दुसऱ्या बाजूला ऐंशी-नव्वद माणसांचा फरक पडतो. कुणाचं मरण मोजलं जातं आणि कुणाचं नाही, ते इथे दिसतं.

पुढे खटला झाला. आरोपपत्र सत्त्याण्णव जणांवर ठेवलं, पण नऊच जण न्यायालयात उभे केले गेले. गोऱ्यांची दहशत असूनही कृष्णवर्णीय साक्षीदारांनी साक्षी दिल्या. त्यात लेव्हाय नेल्सन होता. कैद्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा तो वाचला होता. शेवटी तिघांना दोषी ठरवलं, तेही खुनासाठी नाही, तर लोकांचे हक्क हिरावण्याचा कट केल्याबद्दल. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८७६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की घटनेतली ती दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाजगी माणसांच्या कृत्यांना नाही. तिघेही सुटले. एवढ्या माणसांच्या खुनाबद्दल शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही. दक्षिणेतल्या गावोगावच्या टोळ्यांना यातून काय कळलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

मग सुरू झालं नाव देण्याचं काम. गोऱ्यांनी या कत्तलीला ‘दंगल’ म्हटलं. दंगल म्हटलं की दोन्ही बाजू सारख्या होतात. १९२१ मध्ये गावच्या स्मशानात एक उंच दगडी खांब उभारला, मेलेल्या तीन गोऱ्यांना वीर म्हणणारा. १९५० च्या सुमारास सरकारी फलक लागला. त्यावरही दंगलच लिहिलं होतं, आणि त्या दिवशी दक्षिणेतला वाईट कारभार संपला, असं वर कौतुक. मेलेल्यांची नातवंडं-पतवंडं सत्तर वर्षं त्या फलकावरून ये-जा करत होती. तो २०२१ मध्ये निघाला.

याला उत्तर कसं द्यायचं, ते त्याच दक्षिणेतल्या एका बाईनं दाखवून दिलं. आयडा बी. वेल्स. १८६२ मध्ये मिसिसिपी राज्यात गुलामीत जन्मलेली. सोळाव्या वर्षी तापाच्या साथीत आई-वडील गेले. तिनं शाळेत शिकवून धाकट्या भावंडांना सांभाळलं. पुढे ती मेम्फिस शहरात वर्तमानपत्र चालवू लागली. १८९२ मध्ये तिथे तिच्या मित्राला, टॉमस मॉसला, जमावानं ठार केलं. तिनं त्यावर लिहिलं, तर तिच्या वर्तमानपत्राची कचेरी फोडली. ती गप्प बसली नाही. १८९५ साली तिनं एक पुस्तक काढलं. त्यात जमावानं मारलेल्या माणसांची यादी दिली. नाव, तारीख, गाव, आणि मारणाऱ्यांनी सांगितलेलं कारण. आकडे तिनं गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतले, म्हणजे खोटं म्हणायला जागा उरू नये.

कोलफॅक्समध्येही नावं लिहिली गेली, पण त्याला दीडशे वर्षं लागली. १३ एप्रिल २०२३ रोजी तिथे नवा दगड उभा राहिला. त्यावर मारल्या गेलेल्या सत्तावन्न जणांची नावं आहेत. त्यासाठी झटणाऱ्यांत एक जण जेसी मॅकिनीच्या वंशातला आणि दुसरा एका हल्लेखोराच्या वंशातला. दोघांनी मिळून ते काम तडीला नेलं.

आता आपल्याकडे येऊ. कुणी अचानक गेलं की पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. ती गरजेचीच असते. पण सासरी जळालेली, विहिरीत सापडलेली पोर त्या दोन शब्दांत कायमची बंद होता कामा नये. ‘स्टोचा भडका उडाला’, ‘पाय घसरला’ हे शब्द पहिल्यांदा कोण बोललं, हे विचारायला हवं. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर मृतदेह शवविच्छेदनाला पाठवावा, असं कायदा सांगतो. नातेवाइकांनाही तशी मागणी करता येते. पंचनामा होताना तिच्या माहेरचं, तिच्या बाजूचं कुणीतरी तिथे हजर असावं. जे पाहिलं ते तारीख-वार घालून त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं. आठवण पुसट होते आणि शेजारी नंतर बोलायला कचरतात.

आयडा वेल्सकडे पोलीस नव्हते, न्यायालय तिच्या बाजूचं नव्हतं. तिच्याकडे वही होती, कात्रणं होती आणि जिद्द होती. आपल्या गटांत हल्ली बऱ्याच जणी लिहित्या झाल्या आहेत. बचतीच्या हिशोबाची वही आपण इतक्या काटेकोर ठेवतो. गावात अचानक गेलेल्या लेकीबाळींसाठी त्याच्याशेजारी आणखी एक वही ठेवायला फार खर्च नाही.

तुमच्या गावात अशी वही सुरू झाली, तर आम्हाला नक्की कळवा.