फुटलेल्या कानात तेल नको

(मदतनिसांच्या वार्षिक मेळाव्यात जव्हार-मोखाडा भागात काम करणाऱ्या परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



मुलांच्या कानदुखीवरचे झाडपाल्याचे उपाय, या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले. त्याचे कारण मला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी पुष्कळांनी कानात घालायच्या आयुर्वेदिक तेलाच्या बाटल्या मोठ्या प्रेमाने पाठवल्या. त्या मी पाड्यांवर वाटल्या नाहीत. का वाटल्या नाहीत, तेवढेच आज सांगते.

पाड्यावर मूल रात्री कान धरून रडू लागले की डॉक्टर जवळ नसतो. मुख्य रस्ता दोन डोंगर पलीकडे, आणि ओढ्याला पाणी असले तर तेवढेही नाही. मग आजी चुलीवर पळीत तेल तापवते, त्यात लसणाची पाकळी करपवते आणि कोमट थेंब कानात सोडते. कोणी तुळशीचा रस पिळतो, कोणी कडुनिंबाचा, कोणी रुईचे पान शेकून त्याचा. तान्हे मूल असेल तर आई अंगावरचे दूध कानात पिळते. या बायकांना अडाणी म्हणू नका. रात्रभर मूल मांडीवर घेऊन बसणारी तीच असते, आणि तिच्या हाताशी जे आहे ते ती करते. शिवाय बहुतेक वेळा गुण येतो.

गुण का येतो, हे नीट समजून घ्यायला हवे. कानाच्या आत पडदा असतो. पडद्याच्या मागे छोटीशी पोकळी, आणि तिथून घशाच्या मागच्या बाजूला जाणारी एक नळी. मोठ्या माणसात ही नळी तिरकी उतरते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मागच्या पोकळीत पू साठतो आणि पडद्यावर दाब येतो. म्हणजे दुखणे पडद्याच्या मागे, आणि आपण थेंब सोडतो पडद्याच्या पुढे. पडदा शाबूत असेल तर ते थेंब पुवापर्यंत पोचतच नाहीत. उबेने थोडे बरे वाटते, इतकेच. पण दहापैकी साधारण आठ मुलांचे दुखणे काही दिवसांत आपोआप थांबते. श्रेय मिळते लसणाला.

इस्रायलमध्ये डॉक्टरांनी लसूण आणि काही वनस्पतींच्या तेलाचे थेंब कानदुखीच्या मुलांना देऊन पाहिले. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मुले ५ ते १८ वर्षांची होती, १७१ होती. दुखणे कमी झाले, पण त्यातला बहुतेक वाटा नुसता काळ गेल्याचा होता, थेंबांचा अगदी थोडा, असे त्यांनीच लिहिले. आणि आमच्याकडे सर्वाधिक कान दुखतात ते दोन वर्षांच्या आतल्या बाळांचे.

आता खरा धोका. कधी कधी दाबाने पडद्याला भोक पडते आणि पू बाहेर येतो. यालाच आपण कान फुटला म्हणतो. त्या क्षणी दुखणे एकदम थांबते, मूल झोपते, घर सुटकेचा श्वास टाकते. आणि नेमके आता कानात घातलेले तेल, रस, दूध त्या भोकातून सरळ आत जाते. सोबत घाण आणि जंतूही जातात. रुईचा चीक तर कातडीलाही भाजतो, आतल्या नाजूक जागेचे काय होईल ते तुम्हीच ओळखा. कान वाहतच राहतो. दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला नेत नाही.

आश्रमशाळेतली एक मुलगी मला आठवते. नऊ वर्षांची, तीन वर्षे कान वाहत होता. वासामुळे तिच्याजवळ कोणी बसत नसे, म्हणून ती मागच्या बाकावर. आणि मागे बसल्यामुळे तिला आणखीच कमी ऐकू येई. तिला मंद म्हणत. तिच्या पाठीमागे उभी राहून मी हलक्या आवाजात तिचे नाव घेतले, ती वळली नाही. समोर येऊन तेच नाव घेतले तर हसली. ओठ वाचत होती पोर.

म्हणून आम्ही पाड्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: वाहत्या कानात घरचे काही घालायचे नाही, फक्त तो कोरडा करायचा. हात धुवायचे. जुन्या, धुतलेल्या सुती कापडाची दिव्याच्या वातीसारखी वात वळायची, कानात हलकेच ठेवायची, ओली झाली की काढून नवी ठेवायची, वात कोरडी निघेपर्यंत. असे दिवसातून तीनदा. वात आत तशीच ठेवून द्यायची नाही. काडी नको, पिन नको, कोंबडीचे पीस तर नकोच. डोहात डुंबणे बंद. आणि दवाखान्यात न्यायचे. तिथे डॉक्टर कान पाहतात, गरजेप्रमाणे पोटातून औषध देतात. दोन आठवड्यांहून जास्त वाहणाऱ्या कानासाठी थेंबही देतात, पण ते त्या कामासाठीच बनवलेले असतात आणि कान कोरडा करून मगच घालायचे असतात. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मूल मलूल पडले किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आजीचे सगळेच आम्ही मोडीत काढत नाही. तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा बाहेरून शेक द्यावा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहून. मोठ्या मुलाला सर्दीसाठी तुळशीचा काढा चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये. आणि आईचे दूध? ते तर उत्तम औषध, फक्त कानात नको, तोंडात. पहिले सहा महिने अंगावर पिणाऱ्या बाळांचे कान कमी बिघडतात. चुलीचा धूर जिथे कोंडतो तिथे जास्त बिघडतात.

बाटली पाठवणाऱ्या एका भाऊसाहेबांनी मला विचारले, "सिस्टर, आयुर्वेदावर विश्वास नाही का?" प्रश्न तो नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. वाहत्या कानासाठी तिथे पुसून घेणे, धुणे, धुरी, तेल असे पुष्कळ उपचार येतात, पण प्रत्येक वेळी पाहून ठरवा असे वैद्याला बजावले आहे. पाड्यावर पोचलेल्या बाटलीबरोबर पाहणारे कोणी नसते. पडदा फुटला आहे की नाही, हे डोळ्याला बाहेरून दिसत नाही.

सरकारी सोयी आहेत, त्या मुलांपर्यंत पोचवणे हेच आमचे निम्मे काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी होते, त्यात कानही येतो. न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची पीसीव्ही लस कानाच्या काही दुखण्यांपासूनही वाचवते. २०२१ पासून ती देशभर मोफत आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, असे तीन डोस. पण दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जगायला जातात, भिवंडी-वसईकडे, आणि पावसाच्या तोंडाशी परततात. बाळाचा एखादा डोस तिथेच राहतो. त्याचे कार्ड आईच्या गाठोड्यात असले तर भट्टीजवळच्या केंद्रात लस मिळू शकते. म्हणून आम्ही आता कार्डासाठी प्लॅस्टिकची पाकिटे देतो.

तेव्हा विनंती अशी. तेलाचे पैसे एसटीच्या भाड्यासाठी द्या: आई, मूल आणि सोबत एक जण, कानाच्या डॉक्टरपर्यंत जाऊन येण्यासाठी. आणि घरातली जुनी धोतरे, पातळे, चादरी धुऊन, उन्हात वाळवून आणून द्या. फाटकी चालतील, रंग गेलेली चालतील. टेरिकॉट मात्र नको, ते पाणी शोषत नाही.