गायकवृंदाला माणसे हवीत

श्रोतेहो, नाताळच्या रात्री चर्चमध्ये जाऊन गाणी ऐकायची हौस आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, ख्रिस्ती नसलेल्या घरांतही. ती गाणी म्हणणाऱ्यांना आम्ही मराठी मंडळीत गायकवृंद म्हणतो; बोलताना सरळ क्वायर. अशा एका क्वायरची तालीम मी बरीच वर्षे घेतो आहे. आमची सर्वांत मोठी अडचण गाण्याची नाही, माणसांची आहे. जुने गळे थकत चालले आहेत आणि नवे येत नाहीत.

माणसे मिळवण्याची रूढ पद्धत म्हणजे सूचना. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब वाचून दाखवतात, 'ज्यांना गाण्याची आवड व आवाजाची देणगी आहे त्यांनी शनिवारी सायंकाळी तालमीस यावे.' या सूचनेने सहसा कोणी येत नाही. देणगी हा शब्द ऐकला की बाकावरचा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो. त्यातून क्वायर म्हणजे दोन-तीन घराण्यांची वतनदारी असा समज असतो. तो अगदीच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही.

माणूस मिळतो तो एकेकट्याला विचारून. उपासना चालू असताना मी मागच्या बाकांकडे कान देतो. कोणी तरी बारीक आवाजात, पण नेमके गात असते. बाहेर पडताना त्यांना गाठायचे. 'काकू, शेवटच्या कडव्यात तुमचा सूर छान लागला होता. येत्या शनिवारी नुसत्या बसायला या.' काकू म्हणतात, 'छे, मला कुठला आवाज!' हे उत्तर ठरलेलेच. पण सूर ऐकला गेला, ही गोष्ट त्या घरी घेऊन जातात. तीन शनिवारांनंतर दारात दिसतात.

'मला आवाज नाही' या वाक्यामागे बहुतेक वेळा पट्टीची भानगड असते. गाणे बायकांना सोयीच्या पट्टीत, समजा काळी पाचमध्ये, सुरू झाले की पुरुषांची पंचाईत होते. वरचे स्वर गाठता येत नाहीत म्हणून ते एक सप्तक खाली उतरतात, तिथे नुसती घरघर ऐकू येते, मग ते गप्प बसतात. त्याच माणसाला काळी एकमध्ये तेच गाणे देऊन पाहा. सूर मुळीच ओळखता न येणारी माणसे असतात, पण अभ्यासकांच्या मोजणीत ती शंभरात फार तर चार भरतात. आमच्या मंडळीत मात्र निम्मे पुरुष स्वतःला त्या चारांत धरतात!

वारकरी भजनात नवख्याला कोणी परीक्षेला बसवत नाही. हातात टाळ देतात, ओळीत उभे करतात. तीच रीत आम्ही घेतली. आवाजाची चाचणी हा शब्दच काढून टाकला. नव्या माणसाला दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये उभे करायचे आणि पहिले चार शनिवार काही विचारायचे नाही. आल्टो आणि टेनरच्या वेगळ्या चाली त्यानंतर. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी झरझर वाचता येत नाही. यावर वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. मी म्हणतो, आधी कानाने शिकू द्या, मग वाचनही सुधारते.

भरती कधी करावी? नोव्हेंबरात मुळीच नाही. तेव्हा येणारे कॅरलच्या उत्साहात येतात, पाच-सहा गाणी पाठ करतात आणि जानेवारीत गायब होतात. शाळा-कॉलेजे सुरू होऊन घडी बसलेली असते तो जुलै उत्तम. सण जवळ नसतो, चुकायला वेळ असतो.

आता हे सगळे कशासाठी? गाणी तर मोबाइलवरही वाजतात. श्रोतेहो, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी चर्चला शेकडो भजने व गीते दिली. पाश्चात्त्य चालींच्या शेजारी अभंग आणि कीर्तनाचा बाज येऊन बसला. आमच्या हातात असते ते 'उपासना संगीत' शब्दांचे पुस्तक आहे. शब्द छापलेले आहेत. चाली मात्र बऱ्याचशा कानावर चालत आल्या आहेत, आणि एकाच भजनाची चाल दोन गावांत दोन तऱ्हांची ऐकू येते. गाणारा गेला की त्या गावाची चाल जाते. पुस्तकात गाणे तसेच राहते, पण ते म्हणायचे कसे हे कोणाला ठाऊक नसते.

म्हणून आमच्या जुन्या बायकांना मी फार जपतो. एखाद्या मावशींचा सत्तरीत वरचा सूर कापू लागतो. तरुण मुली एकमेकींकडे पाहतात. 'मावशी, आता पुरे' असे सांगणारा क्वायरमास्तर मी पाहिला आहे. मावशी गेल्या आणि त्यांच्याबरोबर दहा-बारा चाली गेल्या. आम्ही मावशींना आल्टोत घेतो, तिथे त्यांचा खालचा आवाज अजून भरीव लागतो. तालमीची पहिली वीस मिनिटे त्यांची. त्या एक भजन म्हणून दाखवतात, मुली मागून म्हणतात, कोणी तरी ते मोबाइलवर उतरवून घेतो. आपल्याकडून कोणाला काही हवे आहे म्हटल्यावर मावशी पावसातही वेळेवर येतात. त्यांना पाहायला म्हणून त्यांची नात येऊ लागली. ती आता सोप्रानोत आहे.

टेनरच्या मात्र दोन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. तालीम शनिवारी सहाला असते. सुरू सव्वासहाला होते.