मुदत संपलेला खेळाडू

मंडळी, पाडव्याला सालगड्याचे साल संपते. पटले तर तो पुढचे साल धरतो, न पटले तर दुसरे घर बघतो. पण समजा, मालक म्हणाला, "मी देईन त्यात राहा. नाहीतर पैसाही नाही, आणि दुसऱ्याकडे कामही करू देणार नाही." मग त्या गड्याने काय करावे?

इंग्लंडात फुटबॉलच्या खेळाडूंना असाच नियम होता. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल क्लबाचा खेळाडू. १९६० साली त्याचा करार संपला. त्याला दुसऱ्या क्लबात जायचे होते. क्लब सोडीना. गडी मोठा हट्टी! त्याने खेळणे बंद केले आणि पोटासाठी बुचे विकली. काही महिन्यांनी क्लबाने त्याला आर्सेनल क्लबाकडे जाऊ दिले, आणि त्याचे ४७,५०० पौंड घेतले. खेळाडूला तेव्हा आठवड्याचा पगार फार तर २० पौंड!

त्याचे काम झाले होते. तरी तो कोर्टात गेला. खेळाडूंची संघटना पाठीशी उभी राहिली. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूला असे अडकवून ठेवणे गैर आहे.

आता क्लबाचीही बाजू आहे बरं का. क्लब पोराला शिकवतो, त्याच्यावर खर्च करतो. मुदतीच्या आत त्याने सोडून जाऊ नये, हे रास्तच. पण मुदत संपल्यावर अडवणूक कशाला?

इंग्लंडात पुढे नियम सैल झाले. १९९५ साली बेल्जियमच्या बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने आणखी ठरवले. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या अशा खेळाडूसाठी जुन्या क्लबाला पैसे मागता येणार नाहीत.