फुलंब्रीचे नाना आणि रोजगार हमीचं मस्टर

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि खेड्यातला विद्यार्थी' असा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी आपल्या शेजारच्या फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे, म्हणजे सगळ्यांचे नाना, यांच्याविषयी बोलणार आहे. इथे सगळ्या पक्षांची मंडळी बसली आहेत. जपून बोलते, पण अगदीच गुळमुळीत नाही.

नाना चित्तेपिंपळगावचे, जन्म १९४५ चा. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत, घडण संघाच्या शाखेतली. १९८५ मध्ये औरंगाबाद पूर्वमधून ते पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात भाजपचे आमदार होते १६. पुढे १९९०, १९९५, १९९९ असे सलग निवडून येत राहिले. मग २००४ आणि २००९ ला काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे यांनी त्यांना पाडलं. चौसष्टाव्या वर्षी लागोपाठ दुसरा पराभव! आपल्याकडे अशा वेळी माणूस एक तर पक्ष बदलतो, नाही तर मुलाला पुढे करतो. नानांनी दोन्ही केलं नाही. २०१४ ला फुलंब्रीतून निवडून आले आणि १२ नोव्हेंबरला विधानसभेचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. २०२४ मध्ये राजस्थानचे राज्यपाल. (त्याच वर्षी डॉ. काळे जालन्याचे खासदार झाले. राजकारणात कोणाचाच हिशेब लवकर बंद होत नाही.)

मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. १९९५ च्या युती सरकारात ते रोजगार हमीचे मंत्री होते. रोजगार हमी म्हणजे काय, हे पिशोरच्या माणसाला सांगावं लागत नाही. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, पाझर तलावाची माती वाहिलेल्या बाया आपल्या प्रत्येकाच्या घरात होत्या. त्या कामावर मस्टर असायचं. नाव, किती दिवस भरले, मजुरी किती, आणि समोर अंगठा. मस्टरवर नाव नसेल तर पगार नाही. बाई अडाणी असली तरी तिला हे पक्कं माहीत असायचं, आणि मुकादमाशी भांडून ती नाव लिहून घ्यायची.

आता १२ नोव्हेंबर २०१४ कडे या. नाना अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. भाजपने २८८ पैकी १२२ जागा जिंकल्या होत्या, म्हणजे बहुमत स्वतःचं नव्हतं. शिवसेना त्या दिवशी विरोधी बाकांवर होती. नानांनी आवाजी मतदान घेतलं आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना-काँग्रेसने मतविभागणी मागितली. ती वेळेत मागितली नाही, असं सत्ताधारी म्हणाले. आवाजी मतदान नियमात बसतं, हे खरं. पण त्यात कोण कुठे होतं, याची नोंद राहत नाही. मी रोज ज्या प्रणालींवर काम करते, तिथे कोणी एक ओळ बदलली तरी नाव आणि वेळ लागते. खडी फोडणाऱ्या बाईच्या एका दिवसाची नोंद आहे, आणि सरकार टिकलं त्या मताची नाही. रोजगार हमीचं खातं सांभाळलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं. नानांविषयी आदर आहे, म्हणूनच जास्त वाटतं.

पाच वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०१९ ला, ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. नाना तेव्हा अध्यक्ष नव्हते, आणि त्यांच्या पक्षाने सभात्याग केला होता. त्या दिवशी शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहून स्वतःचं नाव आणि क्रमांक सांगत होता, थेट १६९ पर्यंत. शनिवार होता, मी घरीच होते. कन्नडचं नाव कधी येतं, म्हणून टीव्हीचा आवाज वाढवून ऐकत बसले होते.